साखर न दिसणारं यंत्र

१० मार्च १९९६, रविवार

तर त्या दिवशी आधी पाणी भरून झालं होतं. दिल्लीत आर. के. पुरमला पहाटे पाणी यायचं आणि उजाडेपर्यंत जायचं. मग बूथवरून दूध, अश्लेषाच्या स्कर्टला इस्त्री, तात्यांचा चहा. तात्यांना साखर चालत नाही म्हणून त्यांच्या कपात गोड गोळी. मग गॅसवर पाक ठेवला. विष्णूभावजींनी वेंगुर्ल्याहून कोकमाचं आगळ पाठवलं होतं, त्याचं सरबत करून ठेवायचं होतं. हे दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच ठेवून आत आले, चमचा पातेल्यात बुडवला, फुंकर घालून चाटला आणि म्हणाले, "अजून." मी मूठभर साखर टाकली. हे परत आरशापाशी गेले.

एवढंच. त्या सकाळी दुसरं काहीही घडलं नाही. आज खोक्यातून ते पातेलं काढलं तेव्हा ही सकाळ आठवली. हीच का, ते कळत नाही.

हे गेल्या वर्षी जानेवारीत गेले. सरकारी क्वार्टर वर्षभर ठेवता आलं, मग सोडावं लागलं. दिल्लीबाहेर, गाझियाबादेतल्या वैशालीतला हा फ्लॅट ह्यांनीच बुक केला होता. तिसरा मजला. समोर अजून गव्हाचं शेत आहे आणि शेतात इमारतीचे खांब उभे आहेत. घरात मी, माझे सासरे तात्या आणि मुलगी अश्लेषा. विष्णूभावजी म्हणजे माझे दीर. त्यांचं म्हणणं, सगळे वेंगुर्ल्याला या, पेन्शनीत तिथे आरामात भागेल. ते खरंही आहे. पण अश्लेषाचं बारावीचं वर्ष आहे आणि तिला दिल्ली सोडायची नाही. मलाही हे घर सोडवत नाही. ह्यांनी त्याच्या नकाशावर पेन्सिलीने कपाटं काढली होती.

म्हणून कोकम सरबत करून विकायचं ठरवलं आहे. चाललं तर इथे, नाही चाललं तर पुढल्या वर्षी वेंगुर्ला.

१४ मार्च

पहिलं सरबत केलं. माझं नेहमीचं माप, लग्न झाल्यापासूनचं. मी करताना चव बघत नाही. देवाला दाखवायच्या आधी उष्टं करायचं नाही, ही आईने लावलेली सवय. आमच्याकडे देवाच्याही आधी हे चाखायचे, म्हणून माझं कधी अडलं नाही. शिवाय हल्ली मला गोड खावंसं वाटत नाही. सोडलं वगैरे काही नाही, खावंसं वाटत नाही इतकंच.

बाटल्या भरताना तात्यांनी चमचाभर घेतलं. जीभ टाळ्याला लावून म्हणाले, "कुमुद, अजून थोडी..."

तेवढ्यात मला गॅलरीतले कपडे आठवले, म्हणून मी उठून गेले. कपडे ओलेच होते. तरी थोडा वेळ तिथेच थांबले. खांबांच्या मधून एक जण म्हशी हाकत नेत होता. आत आले तेव्हा तात्यांनी नरसाळं धुऊन पालथं घातलं होतं.

"काय म्हणत होतात?"

"काही नाही. फर्मास झालंय. आणि हे बघ, बाटल्या भरायचं आणि बुचं लावायचं काम यापुढे माझं. तू पातेलं उतरवून खुशाल अंघोळीला जा."

"हात थरथरतात तुमचे."

"पोस्टात जन्मभर शिक्के मारले. बुचं मारायला काय लागतं?"

बरं झालं. त्यांनाही काहीतरी काम हवंच होतं.

२० मार्च, पाडवा

गॅलरीत गुढी उभारली. समोरच्या मिसेस सक्सेना खालून ओरडल्या, "भाभीजी, साड़ी डंडे पे क्यों सुखा रही हो? और लोटा तो गिर जाएगा!" अश्लेषाने वरूनच सांगितलं, "आंटी, आज हमारा न्यू इयर है!" त्यावर त्या खरंच मिठाई घेऊन वर आल्या. चांगली बाई आहे.

श्रीखंड केलं होतं. अश्लेषाने एक घास घेतला आणि म्हणाली, "आई, यार, हे तर दही आहे." मग पिठीसाखरेचा डबा आणून वाटीत दोन चमचे ढवळले. तात्यांना श्रीखंड चालत नाही, तरी त्यांनी तिला हळूच खुणावलेलं मी पाहिलं. मला वाटतं इकडचा चक्काच आंबट असतो.

२६ मार्च

रात्री जेवताना अश्लेषा म्हणाली, "आमटी फीकी आहे."

मी म्हटलं, "अळणी म्हणावं. मराठी बोलतेस ना?"

"अळणी काय असतं? अलोन?"

तात्यांना हसू आवरेना. मीही हसले. बारावीला आली पोर आणि अळणी माहीत नाही. इथल्या मुलांना छोले-चाटीची सवय, त्यांना घरचं सगळंच बेचव लागतं.

तात्यांची गोड गोळ्यांची डबी संपली. पाडव्याच्या आधीच तर आणली होती. विचारलं, तर म्हणाले, "म्हातारपणी चहा वाढतो." मला तर दोनदाच करावा लागतो. शेजारी पीत असतील.

२ एप्रिल

नोएडात अट्टा बाजारात एक नवं मोठं दुकान झालं आहे. गिऱ्हाईक स्वतः टोपली घेऊन फिरतं आणि फळीवरून हवं ते उचलतं. मालक ग्रोवर. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्याकडे बारा बाटल्या ठेवून आले होते. आज गेले तर एकही उरलेली नाही.

"बहनजी, कमाल है. ना ज़्यादा खट्टा ना ज़्यादा मीठा. बच्चे कोला छोड़ के ये माँग रहे हैं."

ऐकून बरं वाटलं. पण नियमित माल ठेवायचा तर त्यांना तपासणीचा कागद हवा. गिऱ्हाईक आता लेबल वाचतं म्हणाले. रंग नाही, केमिकल नाही, सॅकरीन नाही, असं प्रयोगशाळेकडून लिहून आणा, मग दर सोमवारी गाडी तुमच्या दारात.

घरी येऊन अश्लेषाने लेबल लिहायला घेतलं. कोकम, साखर, जिरं, सैंधव. खाली मोठ्या अक्षरात 'कृत्रिम गोडी नाही'. तात्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "एवढं कशाला लिहायचं? नुसतं कोकम सरबत लिहा की."

"आजोबा, मार्केटिंग आहे ते," अश्लेषा म्हणाली.



९ एप्रिल

सकाळी साइट फोरला जाऊन आले. तिथे कारखान्यांच्या रांगेत एक खाजगी प्रयोगशाळा आहे. तात्या बागेत फिरायला गेले होते, त्यांची वाट न बघता मागच्या खेपेतली एक बाटली पिशवीत घातली आणि रिक्षा केली. रस्ताभर निवडणुकीचे भोंगे.

तिथल्या त्यागी मॅडम माझ्याच वयाच्या असतील. पांढरा कोट, पायात चपला. त्यांनी विचारलं, बाटलीत काय काय आहे? मी सांगितलं, "कोकम का आगळ, जीरा, सेंधा नमक और पाक."

"पाक?" त्या हसायला लागल्या. "पाक-साफ़ है कि नहीं, वो तो हम बताएँगे जी!"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, यांच्यात पाकाला चाशनी म्हणतात, आणि पाक म्हणजे शुद्ध. इतकी वर्षं दिल्लीत काढून ऐन वेळी तोंडातून मराठीच निघते. मग मीही हसले.

यंत्र बघू का, असं विचारलं. मला वाचायची आवड आहे, कसलंही वाचते, पुडीचा कागदसुद्धा. पण हे कुठे वाचलेलं नव्हतं. त्यांनी आत नेलं. काचेच्या बाटलीतून पंप एक द्रव ओढतो. त्यात सुईने सरबताचा थेंब सोडतात. ते सगळं एका बोटभर लांबीच्या पोलादी नळीतून जातं. नळीत बारीक भुकटी ठासून भरलेली असते. सरबतात जे जे विरघळलेलं आहे ते या भुकटीला कमीजास्त चिकटतं, त्यामुळे एकत्र आत गेलेले पदार्थ वेगवेगळे बाहेर पडतात, कुणी आधी, कुणी मागून. मग सगळ्यांना एका खिडकीवरून जावं लागतं. खिडकी तिळाएवढी. तिच्यातून एक प्रकाश सोडलेला असतो, डोळ्यांना न दिसणारा. जो पदार्थ तो प्रकाश गिळतो त्याची सावली पलीकडे पडते, आणि कागदावरची रेघ डोंगरासारखी वर चढून खाली येते. काही नसलं की रेघ सपाट.

"मग एवढी साखर आहे, तिचा डोंगर केवढा येईल?" मी विचारलं. हिंदीत विचारलं, अर्थात.

"चीनी का आएगा ही नहीं. वो ये रोशनी नहीं निगलती. इसके सामने से किलो भर निकल जाए, इसे पता नहीं चलेगा."

मला हे फार चमत्कारिक वाटलं. बाटलीत सगळ्यात जास्त तर साखरच असते.

घरी आल्यावर तात्यांनी विचारलं, "कुठली बाटली नेलीस?"

"मागच्या खेपेतली."

"ताजं करून न्यायचं ना गं," म्हणाले. अर्धी पोळी पानात टाकून उठले. उन्हात फिरून येतात, मग जेवण जात नाही.

१५ एप्रिल

आज निकाल लागला. सॅकरीन आहे.

मला वाटलं मॅडमच्या हातून बाटल्यांची अदलाबदल झाली. त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले. एकावर त्यांच्याकडचं सॅकरीन, एकावर माझं सरबत. डोंगर एकाच जागी. "हर चीज़ अपने टाइम पे खिड़की पे आती है. दो बार चला के देखा है." मग म्हणाल्या, "आपने तो कहा था पाक है."

थट्टेत म्हणाल्या असतील, पण मला लागलं. मी म्हटलं, हे मी घातलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मशीन ये नहीं बताती कि किसने डाला. सिर्फ़ ये कि है."

सॅकरीन घालतात ते साखर वाचवायला, असंही त्यांनी सांगितलं. मग मला राग आला. मी म्हटलं, मी साखर पुरेपूर घालते, माझं माप लिहून घ्या. तुमच्या यंत्राला साखर दिसतच नाही, तर मी ती वाचवली हे त्याने कसं ठरवावं? साखर दिसेल असं काही असेल तर त्यात घाला.

त्यागी मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "है. दूसरा डिटेक्टर है. थोड़ा नखरीला है, टाइम लगेगा. सोमवार को आइए."

ग्रोवरना अजून काही कळवलेलं नाही.

१६ एप्रिल

आगळ वेंगुर्ल्याहून येतं. मी घातलं नाही, तर राहिलं आगळच. बाजारातल्या एसटीडी बूथवरून विष्णूभावजींना फोन लावला. शेजारच्या दुकानात फोन आहे, तिथून त्यांना बोलावून आणेपर्यंत बिलाचे आकडे पळत होते.

"वहिनी, सगळं ठीक ना? तात्या बरे आहेत ना?"

मी सरळ विचारलं, आगळात गोड काही मिसळता का, किंवा ज्याच्याकडून घेता तो मिसळतो का.  ते म्हणाले, "वहिनी, आगळ आंबट म्हणूनच विकतात. त्यात गोड घालणारा वेडाच म्हणायचा. आणि घेतो कुणाकडून? आपल्याच झाडाची कोकमं आहेत. सरला आणि मी फोडतो."

मी म्हटलं, कागदावर आलंय.

"कागदावर आलं असेल. दादा असता तर त्याने मला असं विचारलं नसतं."

फोन त्यांनी ठेवला की लाइन तुटली, कळलं नाही. परत लावला नाही.

घरी कुणाला सांगणार नव्हते, पण अश्लेषा बूथबाहेर उभी होती. तिने जेवताना काढलंच. "काका दुखावले असतील, आई." तात्यांचा घास हातातच राहिला. "विष्णूला विचारलंस? विष्णूला?" एवढंच दोनदा म्हणाले. मुलाची बाजू घेणारच.

१९ एप्रिल

तीन दिवस नवीन सरबत केलं नाही. ग्रोवरकडून माणूस येऊन गेला. सोमवारपर्यंत थांबा म्हणून सांगितलं.

आज तात्या बिनगोळीचा चहा प्याले. डबीत गोळ्या होत्या, मी पाहिल्या. तोंड वाकडं करून कप संपवला. मी विचारलं तर म्हणाले, "सवय मोडतोय." या वयात कसल्या सवयी मोडायच्या?

लाइट सारखी जाते-येते. फ्रिजवर एक बाटली राहिली आहे. तिच्याकडे बघितलं की वाटतं, हिच्यात काय आहे ते हिला माहीत असेल.

२२ एप्रिल

आज दिवस मोठा होता. जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी साइट फोर. साखर मोजायचं दुसरं यंत्र वेगळ्या खोलीत आहे. तिथे पंखा लावायचा नाही, दार उघडायचं नाही, इतकं ते हळवं. मॅडम म्हणाल्या, बिजली गई तो आधा दिन रूठा रहता है. आमच्या या गाझियाबादेत त्याचे बरेच दिवस रुसण्यात जात असतील.

हे कुणी प्रकाश गिळतं का ते बघत नाही. याच्यात शेजारी शेजारी दोन कप्पे असतात. एकात नुसता द्रव, स्थिर. दुसऱ्यातून आपला पदार्थ वाहतो. दोन्हींतून प्रकाश जातो, आणि पाण्यात काठी तिरपी दिसते तसा तो किती वाकला एवढंच हे यंत्र बघतं. साखर आली की जास्त वाकतो. साखर असो, दुसरं काही असो, नुसत्या द्रवापेक्षा वेगळं काहीतरी आहे हे त्याला कळतं.

कागदावर साखरेचा डोंगर आला. भला मोठा. मला इतका आनंद झाला की मी मॅडमचा हात धरला. मॅडमनी मी सांगितलेलं माप काढलं, हिशेब केला. "बिल्कुल सही. जितनी आपने बताई, उतनी ही है. एक चम्मच भी कम नहीं."

"बघा, मी सांगत होते."

"पर कुमुदजी," त्या म्हणाल्या, "शरबत के लिए उतनी काफ़ी नहीं है. इतनी चीनी में ये बहुत खट्टा होना चाहिए. मैंने चख के देखा, खट्टा नहीं है. आपका माप ही कम है. और किसी ने बाक़ी मिठास पूरी कर दी."

मी म्हटलं, हे माझं लग्नापासूनचं माप आहे, आजवर कुणी तक्रार केली नाही.

"तब कोई चख के बताता होगा," त्या म्हणाल्या, आणि कागदाला टाचणी लावायला लागल्या. त्यांच्या दृष्टीने ती साधी गोष्ट होती.

रिक्षात बसले. रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे बराच वेळ थांबलो. त्या वेळात मला मूठ आठवली. मी मापाने साखर घालायची आणि हे म्हणायचे "अजून", मग मूठभर वर. प्रत्येक वेळी. ती मूठ मी मापात कधी धरलीच नाही. ती ह्यांची होती. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागून हॉर्न वाजायला लागले. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, तबीयत ठीक है?" मी म्हटलं, चलो.

घरी तात्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी चपला काढायच्या आत म्हणाले, "कुमुद, विष्णूला काही बोलू नकोस. गोळ्या मी घातल्या."

मी तिथेच जमिनीवर बसले.

"पातेलं गार होत आलं की घालायचो. तू अंघोळीला गेलीस की. साखर घातली असती तर गार पाकात तळाशी बसली असती, तुला दिसली असती. ही गोळी विरघळते, मागमूस राहत नाही. मला काय ठाऊक, असं यंत्र असतं म्हणून."

"पण मला सांगायचं होतंत. साखर कमी आहे म्हणायचं, झालं असतं."

"एकदा म्हटलं होतं," तात्या म्हणाले.

 थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू गॅलरीत जाऊन उभी राहिलीस. अर्धा तास. मला वाटलं, हा शब्द आता आपण घरात काढायला नको. श्यामचा शब्द तो."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. ह्यांच्या नावाने चाललेल्या घरातल्या बाटल्यांवर खोटं लेबल लागणार होतं, भावजी दुखावले होते. पण ते धोतराच्या टोकाशी चाळा करत बसले होते आणि बिनगोडाच्या चहाची शिक्षा त्यांनी स्वतःच करून घेतली होती. मी उठून चहा टाकला. त्यांच्या कपात गोळी घातली.

अश्लेषा शाळेतून आली. तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"गोळ्यांचं?"

"नाही. सगळंच फीकं असतं ते. बाबा गेल्यापासून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अळणी." शब्द बरोबर वापरला.

"मग बोलली का नाहीस?"

"तू खात होतीस ना तसंच. म्हटलं, चलो, आपणही खाऊ."

संध्याकाळी बूथवर गेले. या वेळी फोनवर विष्णूभावजी यायच्या आधी माझी जाऊ सरला आली. तिला म्हटलं, त्यांना सांग, वहिनी चुकली. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा, हे इथेच उभे आहेत, तोंड फुगवून." सांगितलं. भावजी म्हणाले, "तात्यांनी? आमच्या तात्यांनी?" आणि त्यांना हसू फुटलं. मग मलाही. बूथवाला सरदारजी बघत राहिला. शेवटी भावजी म्हणाले, "अजून आगळ पाठवू का?" मी म्हटलं, पाठवा.

२३ एप्रिल

ग्रोवरकडे स्वतः गेले. खरं ते सांगितलं, सासऱ्यांचं नाव न घेता. घरातच झालं, माझ्या देखरेखीत कमी पडलं. विकलेल्या बाटल्या परत आणता येणार नाहीत, पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगा म्हटलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

"बहनजी, कोई बताता है ऐसे? मैं तो पूछता भी नहीं."

"लेबलवर माझं नाव जाणार आहे," मी म्हटलं.

ते जरा वेळ कॅल्क्युलेटरची बटणं उगीच दाबत बसले. मग म्हणाले, शेल्फ़ की वो जगह अगले सोमवार तक खाली रखूँगा. नया काग़ज़ ले आओ. उसके बाद किसी और को दे दूँगा. स्वाद वही होना चाहिए पर, वही.

बसमध्ये विचार केला. स्वाद तोच हवा, म्हणजे गोळ्यांशिवाय तोच. माझ्या मापाने होणार नाही. माप मला माहीतच नाही. वरची मूठ माझ्याच हाताची, पण ती किती होती ते कधी मोजलं नाही, ती ह्यांच्या सांगण्यावरून पडायची. आता सांगायला कोण?

तात्यांना विचारलं, उद्या चाखाल का? म्हणाले, "चाखीन. पण माझी जीभ गोळ्यांची. मला कमी गोडही गोड लागतं. तुझी जीभ चांगली आहे."

मी म्हटलं, मी चव बघत नाही.

"माहीत आहे," म्हणाले.

२५ एप्रिल

काल सकाळी पाणी भरलं, दूध आणलं, अश्लेषाचा डबा केला. मग तेच पातेलं गॅसवर ठेवून माझ्या मापाने पाक केला आणि आगळ घातलं. देवासाठी वाटीभर आधीच बाजूला काढून ठेवलं. तात्या नरसाळं घेऊन बसले होते, त्यांनी चमचा माझ्यापुढे केला. मी फुंकर घालून चाखलं. फार आंबट होतं. साखरेच्या डब्यातून एक मूठ घेतली, ती आधी दुसऱ्या, रिकाम्या वाटीत ओतून कुठपर्यंत येते ते पाहिलं, मग पातेल्यात घातली आणि विरघळेपर्यंत ढवळलं. पुन्हा चाखलं. मग अजून अर्धी मूठ घातली.